स्मूद-एक्स्ट्रीम : सुंदर ग्राफिक्सचं बिल कोण भरतं?

धनजमध्ये आमच्या टोळक्यात कुणी नवा फोन घेतला की पहिल्या संध्याकाळी दोन गोष्टी ठरलेल्या. आधी गेम उघडून ग्राफिक्स फोनला झेपतील तितक्या वरच्या पायरीवर नेले जातात आणि फोन हातोहात फिरतो. ‘पाणी पाह्य बे, पाणी!’ कुणीतरी म्हणतं. गेममधल्या नदीत आभाळ दिसत असतं. पाच-दहा मिनिटं सगळे ते पाणी बघतात. मग खरा सामना खेळायची वेळ येते आणि फोनचा मालक पुन्हा सेटिंगमध्ये शिरून ग्राफिक्स ‘स्मूद’वर, म्हणजे खालच्या पायरीवर आणून ठेवतो. फ्रेम रेट मात्र ‘एक्स्ट्रीम’, आणि फोन देत असेल तर त्याच्याही वर.

बीजीएमआय खेळणाऱ्यांना हे नवीन नाही. स्पर्धांमध्ये उतरणारी मुलंही बहुतेक असंच खेळतात. स्मूदवर सावल्या कमी होतात, रंग सपाट होतात, भिंतींचा पोत जातो. पण बोट फिरवलं की नजर त्याच क्षणी फिरते आणि झाडाआड बसलेला माणूस वेळेत दिसतो. म्हणजे गंमत अशी, की ज्या चित्रासाठी जास्तीचे पैसे मोजून फोन घेतला, ते चित्र बंद करून आपण खेळतो.

मग गेमचे ग्राफिक्स आणखी सुधारण्यावर होणारा खर्च अजून परवडतो का? हा प्रश्न सध्या जगभर विचारला जातोय. बहुतेक वेळा तो कंपन्यांच्या हिशोबातून विचारला जातो. मला तो खेळणाऱ्याच्या बाजूनं बघायचाय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो : चांगलं चित्र आणि महाग चित्र यांत आपण गल्लत करतो, आणि त्या गल्लतीचं बिल फिरत फिरत सगळ्यात स्वस्त फोनवाल्याच्या हातात येतं.

अठराशे कोटींची कातडी

२०२३च्या जूनमध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्ध एक खटला चालू होता. त्यात सोनीनं काही कागद दिले होते. गुप्त आकडे काळ्या मार्करनं खोडले होते, पण स्कॅन केल्यावर ते वाचता आले. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते आणि त्यावर २००च्या आसपास माणसं होती. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१.२ कोटी डॉलर, ३०० माणसं आणि पाच वर्षं. तेव्हाच्या दरानं यातला पहिला आकडा होतो साधारण अठराशे कोटी रुपये.

हा सगळा पैसा ग्राफिक्समध्ये गेला असं नाही. त्यात लेखक आहेत, आवाज देणारे नट आहेत, संगीत आहे. पण असल्या गेममध्ये डोळ्यांना दिसणारी प्रत्येक गोष्ट कुणालातरी बसून घडवावी लागते. दाराची मूठ, ओला दगड, डोळ्याच्या कोपऱ्यातली सुरकुती. पडदा जितका बारकाईनं दाखवू लागतो, तितकी घडवायची कामं वाढतात.

आणि मिळतं काय? २००२च्या ‘व्हाइस सिटी’त नायकाचे हात म्हणजे ठोकळे होते. २०१३च्या ‘जीटीए फाइव्ह’मध्ये माणूस माणसासारखा चालतो, धापा टाकतो. अकरा वर्षांतला हा फरक कुणालाही दुरून दिसतो. त्यानंतरचा फरक दाखवायला यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून, झूम करून, लाल गोल काढावा लागतो. चेहऱ्याला शंभराऐवजी हजार त्रिकोण दिले तर ठोकळ्याचा माणूस होतो. लाखाऐवजी दहा लाख दिले तर त्याच माणसाच्या कातडीवरची छिद्रं दिसतात. खर्च दोन्ही वेळा वाढला, पण डोळ्याला मिळालेलं दुसऱ्यांदा फार थोडं.

वेळेचा हिशोब तर आणखी बोलका आहे. ‘व्हाइस सिटी’ २००२, ‘सॅन अँड्रियास’ २००४, चौथा भाग २००८, पाचवा २०१३. सहाव्याचा पहिला ट्रेलर, नुसता ट्रेलर, २०२३च्या डिसेंबरात आला. पाचवा भाग आला तेव्हा पाचवीत असलेला मुलगा ट्रेलर येईपर्यंत पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचला आणि पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावायला लागला.

एवढा पैसा आणि एवढी वर्षं अडकली की धाडस करायची हिंमत राहत नाही. आणि चुकलं तर आपटणंही मोठं असतं. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. दोन आठवडे. दिसायला त्यात मोठी खोट नव्हती, पण तो खेळावा असं फारसं कुणाला वाटलं नाही. त्याच वर्षी ‘बालात्रो’ आला. एकट्या माणसानं बनवलेला पत्त्यांचा गेम. पडद्यावर इस्पिक, बदाम, किलवर, चौकट आणि एक जोकर. पहिल्याच महिन्यात त्याच्या दहा लाख प्रती खपल्या.

क्विंटलमध्ये मोजलं तर

आता हेच आपल्या बाजूनं. आमच्याकडं मोठ्या खरेदीचा हिशोब मनातल्या मनात सोयाबीनमध्ये होतो. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. दहा हजारांचा फोन म्हणजे दोन क्विंटलला थोडा कमी. गेम वरच्या ग्राफिक्सवर न अडखळता चालवणारा तीस हजारांचा फोन म्हणजे साडेपाच क्विंटलच्या वर. पंचावन्न हजारांच्या आसपासचा प्लेस्टेशन फाइव्ह दहा क्विंटल, टीव्ही वेगळा. बाजारात नेल्यावर हमीभाव मिळतोच असंही नाही, आणि कोरडवाहू एकरातून काय निघतं ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

फोनच्या आत काय चालतं तेही बघू. स्वस्त फोनचा पडदा साधारण ७२० बाय १६०० ठिपक्यांचा असतो, म्हणजे साडेअकरा लाख ठिपके. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर जवळपास सात कोटी ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवायचा. १०८० बाय २४००च्या पडद्यावर हाच आकडा साडेपंधरा कोटींवर जातो. त्यात प्रत्येक ठिपक्यासाठी ऊन कुठून येतंय, सावली कुठं पडतेय, पाण्यात काय दिसतंय हा हिशोब वाढवत नेला की चिप तापते. फोनला पंखा नसतो. तापला की तो जीव वाचवायला स्वतःच हळू होतो. वाशीम-अकोल्याकडच्या मे महिन्यात पारा ४४च्या घरात असताना, लाइट गेलेली असताना, पत्र्याखाली बसून खेळणाऱ्याच्या हातातला फोन तापायला गेमची वाट बघत नाही. एसी असलेल्या खोलीत तपासलेलं ‘अल्ट्रा’ इथं दहा मिनिटं टिकतं.

मध्यंतरी एका गेमचं मोठं अपडेट आलं. नवा नकाशा, नवी रोषणाई. आमच्यातल्या एकाचा तीन जीबी रॅमचा फोन लॉबीतच अडकायला लागला. ‘हँग होऊन राह्यला बे’, एवढंच तो म्हणाला. त्यानं आधी व्हॉट्सॲपचे फोटो उडवले, मग बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ दुसऱ्याच्या फोनमध्ये टाकून आपल्याकडचे पुसले. तरी जमेना. पुढं तो रोज यायचा, पण बघायला. शेजारी बसून दुसऱ्याच्या पडद्यात डोकावत ‘मागून येऊन राह्यला, मागून’ एवढं सांगायचा. त्याचं खेळणं कुणी बंद केलं नव्हतं. गेम फक्त सुंदर झाला होता.

हे एका फोनपुरतं नाही. फ्री फायर २०१७मध्ये आला आणि भारतात गावोगाव पसरला तो हलका होता म्हणून. पन्नास खेळाडू, दहा-पंधरा मिनिटांचा डाव, साध्या फोनवर चालणारा. २०२१च्या सप्टेंबरात त्याचीच ‘मॅक्स’ आवृत्ती आली : तोच गेम, तेच खातं, ग्राफिक्स जास्त चांगले. महत्त्वाचं हे, की दोन्ही आवृत्त्यांचे खेळाडू एकाच सामन्यात उतरू शकत होते. कुणाच्या पडद्यावर गवत डोलायचं, कुणाच्या पडद्यावर ते हिरवा पट्टा असायचं, पण मैदान एकच होतं. ग्राफिक्सबद्दल मला माहीत असलेली ही सगळ्यात शहाणी व्यवस्था. ज्याला झेपेल त्यानं सुंदर बघावं, खेळावं सगळ्यांनी.

१४ फेब्रुवारी २०२२ला केंद्र सरकारनं ५४ ॲपवर बंदी घातली. त्यात फ्री फायर होता, मॅक्स नव्हता. कारण ग्राफिक्सचं नव्हतंच, सुरक्षेचं दिलं गेलं होतं. पण झालं असं, की हलकी आवृत्ती गेली आणि जड उरली. पबजीचं तेच. २०२०च्या सप्टेंबरात पबजी मोबाइल आणि पबजी मोबाइल लाइट दोन्ही बंद झाले. मोठा भाऊ पुढच्या जुलैत बीजीएमआय नावानं परतला. स्वस्त फोनवाल्यांचा लाइट परतला नाही. दोन्ही वेळा धोरण वेगळं, कारण वेगळं, पण गळाला तो खालच्या फोनवालाच.

आमच्या कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. रस्ता देखणा आहे, वाद नाही. गाड्या ताशी १२०नं जातात. पण त्यावर मोटरसायकल चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. आणि गावात बहुतेकांकडं असतं तेच. शेताजवळून जाणारा रस्ता पुलावरून बघायचा. जड होत जाणाऱ्या गेमचं असंच होतं.

‘तुम्हाला काय करायचेत ग्राफिक्स?’

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सोपं आहे की. ग्राफिक्सचा सोस सोडा. गेम म्हणजे शेवटी नियम आणि डाव. नवी मुंबईत बनलेला ‘ल्युडो किंग’ बघा. २०१६चा, साधा चौकोनी पट आणि चार रंग. २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत तोच चालला. बुद्धिबळाला कुठं ग्राफिक्स लागतात?

हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. तो करणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा मोठा टीव्ही आणि कन्सोल असतो. समुद्र, बर्फ, परदेशातली शहरं त्यानं इतर ठिकाणी पाहिलेली असतात. ज्याच्याकडं मोठं जग बघायला सहा इंचांची काच आहे, त्याला ‘तुला ल्युडो पुरे’ असं सांगणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत भाजी वाढताना हात आखडता घेण्यासारखं. नव्या फोनवर पाणी बघत बसलेली ती दहा मिनिटं खोटी नव्हती. त्या मुलांना सुंदर काही बघायचं होतं, आणि ती हौस गरिबाला शोभत नाही असं म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

शिवाय खर्चिक चित्र कधीकधी खरंच पैसे वसूल करतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये आलेला चिनी गेम ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ तीन दिवसांत एक कोटी प्रतींपर्यंत गेला. तो बनवणाऱ्यांनी चीनमधल्या जुन्या मंदिरांचं, मूर्तींचं प्रत्यक्ष जाऊन स्कॅनिंग केलं. त्यातली बरीच शांशी प्रांतातली. खेळणारे मग ती मंदिरं बघायला तिकडं गेले. तिथं तपशील महाग होता, पण तो कुठल्यातरी खऱ्या गोष्टीकडं नीट बघण्यातून आला होता.

याउलट आपण बघतो ते काय? बीजीएमआयचा एरँगेल हे काल्पनिक रशियन बेट आहे. धनजच्या पोराला पोचिंकीतल्या कोणत्या घराच्या गच्चीवरून कुठं निशाणा लागतो ते झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण पहिल्या पावसानंतरची काळी जमीन, चपलेला थरावर थर चिकटणारा तो चिखल, वेचणीला आलेली पऱ्हाटी, सोहोळच्या माळावर उड्या घेत जाणारे काळवीट, यांतलं काही कुठल्या गेममध्ये मी तरी पाहिलेलं नाही. दर वर्षी ठिपके वाढले, पण दिसणारी जागा तीच राहिली.

पुण्यातली एक मुलगी

कमी पैशात नीट बघता येतं का? याचं उत्तर आपल्याकडंच एका गेमनं दिलंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२०मध्ये आला. त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नव्हती. तरी गेम पूर्ण झाला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमच्या नामांकनात पोचला.

असुरांनी पळवलेल्या लहान भावाला शोधणाऱ्या राजी या डोंबारी मुलीची ही गोष्ट. त्यातले निर्णय बघण्यासारखे आहेत. कॅमेरा दूर आणि उंचावर ठेवलाय. त्यामुळं राजी लहान दिसते आणि राजस्थानी धाटणीचे महाल, पायऱ्या, कुंड प्रचंड दिसतात. चेहरा जवळून दाखवायचाच नसल्यामुळं चेहऱ्यावर कोट्यवधी उडवायची गरज पडत नाही. गोष्ट सांगायचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे चितारलेत. हे बघताना मला सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे कलाकार आठवले. चामड्याच्या बाहुल्या, मागं दिवा, आणि पडद्यावर अख्खं रामायण. ओठांची हालचाल लागत नाही, पापण्यांचे केस लागत नाहीत, बघणारा उरलेलं स्वतः भरतो. भिंतींचे रंगही हातानं रंगवल्यासारखे, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे. ते जुने दिसणार नाहीत, कारण ते खरं दिसायच्या शर्यतीत उतरलेलेच नाहीत.

‘राजी’ निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मारामारी थोड्या वेळानं तीच ती वाटते. शेवट अर्ध्यात तुटल्यासारखा आहे. पात्रं सुरुवातीला इंग्रजीतच बोलायची, हिंदी नंतर आली, मराठी आलीच नाही. पुण्यात बनलेल्या गेममध्ये हे खटकतं. पण यातला एकही दोष ग्राफिक्सवर अजून शंभर कोटी ओतून गेला नसता. लढाईची कल्पकता, गोष्टीचा शेवट, भाषा यांना वेगळी मेहनत लागते. बड्या गेममध्ये नेमकी हीच मेहनत कातडीच्या छिद्रांखाली दबून जाते.

गंजिफा

हा वाद वाटतो तितका नवाही नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा माहीत असेल. विष्णूचे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पत्ते. प्रत्येक पान हातानं रंगवून लाखेनं चकचकीत केलेलं. त्या काळचे ‘अल्ट्रा’ ग्राफिक्सच. पण गंजिफा एकाच दर्जाची नव्हती. दरबारासाठी हस्तिदंतापर्यंतचे महागडे संच बनत आणि बाजारासाठी साधे. नियम तेच, डाव तोच. छापील विलायती पत्ते स्वस्तात मिळू लागले तशी गंजिफा मागं पडली. सावंतवाडीच्या राजघराण्यानं मागच्या शतकात तिला हात दिला म्हणून ती कला तगली, पण आज लोक ती बहुतेक भिंतीवर लावायला किंवा भेट द्यायला घेतात.

यातून दोन गोष्टी घेता येतात. दरबारी संच आणि बाजारी संच एकाच डावात बसत होते तोवर खेळ जिवंत होता. आणि चित्र कितीही सुंदर असलं तरी ते खेळणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेलं की शोभेची वस्तू होतं.

मग परवडतं का?

परवडतं, पण अटींवर. वाढलेला खर्च काही नवं बघायला लावत असेल, जसं वुकाँगमध्ये, तर जरूर करावा. फक्त आधीचंच आणखी टोकदार करत असेल, तर तो खर्च चित्रावरचा नाही, जाहिरातीवरचा आहे. आणि वरची पायरी चढवताना खालची पायरी तोडली जात असेल, तर ते ग्राफिक्स कितीही देखणे असोत, गेम म्हणून तो मागं गेलाय असं समीक्षेनं स्पष्ट म्हणायला हवं.

आपली समीक्षा हे म्हणत नाही. मराठीत, हिंदीत गेमचे रिव्ह्यू बघा. बहुतेक ठिकाणी सगळ्यात महागड्या फोनवर, सगळ्यात वरच्या सेटिंगवर गेम चालवून ‘काय दिसतंय भाई!’ म्हटलं जातं. ते सेटिंग आपल्यातले किती जण दहा मिनिटांपलीकडं ठेवतात? माझी मागणी साधी आहे. दहा हजारांच्या फोनवर, स्मूदवर, मे महिन्याच्या दुपारी अर्धा तास गेम खेळा आणि मग रिव्ह्यू करा. सावल्या गेल्यावर, पोत गेल्यावर, पाण्यातलं आभाळ गेल्यावर जे उरतं त्यात डाव आहे का, जागा ओळखू येते का, शेजारी बसलेल्याला हातात फोन घ्यावासा वाटतो का, ते सांगा. तेवढं टिकत असेल तर वरच्या पायरीचं कौतुक खुशाल करा.

आमचा तो शेजारी बसून ‘मागून’ सांगणारा मित्र यंदा सोयाबीन विकल्यावर जुन्यातला एक बरा फोन घेऊन आला. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी पाणी बघितलं. मग त्यानं ग्राफिक्स स्मूदवर आणले आणि म्हणाला, ‘चाल, आता खेळू.’